पियानोचा गंधार: गोव्यातले चार दिवस

गुरुवार

रत्नागिरीहून दुपारची मांडवी एक्सप्रेस पकडली. सामान थोडंच होतं: तीन साड्या, एक शाल, सरांनी दिलेला जुना नादकाटा (ठोकला की एकच ठरीव स्वर देणारा धातूचा काटा) आणि बहिणीसाठी आंबापोळी. थिवी मागे पडलं की मी नेहमी दाराशी जाऊन उभी राहते. मांडवीवरच्या पुलावर गाडी आली की चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो, खाली खारफुटी आणि संथ पाणी. करमळीला उतरले तेव्हा उन्हं उतरत होती. मावसबहिणीचे यजमान घ्यायला आले होते. त्यांचं घर पणजीच्या मळा भागात, मारुतीच्या देवळापासून चार पावलांवर.

चाळीस वर्षं मी पेटी वाजवते. भजनाला, शाळेच्या गॅदरिंगला, गावात कुणी गायला आलं तर साथीला. मला पेटी शिकवली त्या सरांचा एकच हट्ट होता: तानपुरा लागल्याशिवाय पेटीचा भाता हलवायचा नाही. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार (सरगममधला ग) आपोआप ऐकू येतो, कुणीही न छेडता. तो स्वयंभू गंधार. सर म्हणायचे, "तो कानात ठेव. पेटीतला गंधार बोटांपुरता." कारण पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. ऐकताना एवढासा फरक, पण एकदा कळला की कळलाच. १९४० साली नभोवाणीनं पेटीवर बंदी घातली आणि ती थेट १९७१ साली उठली, त्यामागच्या तक्रारींत स्वरांच्या या ठरीवपणाची तक्रार मोठी होती. त्या बंदीचा मला आजही राग आहे. तक्रार मात्र खरी होती.

आणि पियानो? तोही त्याच ठरीव बारा स्वरांचा. मग गेली बारा वर्षं मी त्याच्या एवढी प्रेमात का आहे, हे मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं. या वेळी एका आठवड्यात तीन छोट्या बैठका जुळून आल्या होत्या: एका घरात पियानो, जुन्या गोव्यातल्या टेकडीवर तंतुवाद्यांची चौकडी (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो) आणि शेवटी दोन्ही एकत्र. मुद्दाम रजा टाकून आले ती यासाठी.

रात्री हुमण-भात. लवकर झोपलो.

शुक्रवार

कार्यक्रम संध्याकाळी होता, पण मी सकाळीच लोटलीला पोचले, कारण पियानो जुळवणारे गृहस्थ दहाला येणार होते आणि घरच्या बाईंनी "बसून बघा हवं तर" असं आपणहून म्हटलं होतं. घर जुनं, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातलं. पुढे बलकांव, म्हणजे बसायची ओसरी, आत खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांच्या चौकटी. त्यातून येणारा उजेड दुधासारखा, कशाचीही सावली न पडणारा. दिवाणखान्यात काळ्या लाकडाच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या आणि कोपऱ्यात पियानो. त्याच्या खालच्या फळीआड एक विजेचा बल्ब पेटता ठेवलेला दिसला. ओल धरू नये म्हणून पावसाळाभर तो तसाच असतो, असं बाई म्हणाल्या.

जुळवणारे सत्तरीच्या पुढचे. लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्तांच्या, म्हणजे चर्चमधल्या संगीतशिक्षकांच्या, हाताखाली सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेले. गोव्यात या गावोगावच्या शाळा सोळाव्या शतकापासूनच्या. प्रार्थनेत गाणारी, वाजवणारी मुलं हवीत म्हणून त्या सुरू झाल्या आणि त्यांतून स्वरलिपी वाचता येणाऱ्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. मुंबईच्या सिनेसंगीतातले वाद्यवृंद याच मुलांनी भरले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. आपण लहानपणापासून जी गाणी गुणगुणतो, त्यांच्यामागचं व्हायोलिन असं कुठल्यातरी सासष्टीच्या चर्चमधून आलेलं असतं, हे त्या दिवाणखान्यात बसून मला पहिल्यांदा अगदी जवळचं वाटलं.

त्यांनी पुढची फळी काढून बाजूला ठेवली. आत ओतीव लोखंडाची चौकट, साधारण सव्वादोनशे तारा. या सगळ्या तारांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात जातो. पियानोच्या नाजूक आवाजामागे एवढं ओझं उभं असतं. मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला तीन-तीन तारा. मग नमद्याची लांब पट्टी तारांत खोचून दोन-दोन तारा मुक्या करायच्या आणि एकेकच बोलू द्यायची.

नादकाट्यावरून त्यांनी एक स्वर घेतला, सेकंदाला ४४० कंपनांचा. बाकी सगळं कानानं. कुठलंही यंत्र नाही. दोन स्वर एकत्र दाबायचे, आणि त्यांच्या भांडणातून जो हेलकावा उठतो तो मोजायचा. मला जवळ बोलावून म्हणाले, "आयक बाय, हालता न्हय?" मी कान लावला. खालचा षड्ज (सा) आणि त्याचा गंधार एकत्र वाजत होते आणि आवाज थरथरत होता, भरभर, एकसारखा. मी म्हटलं, मग थांबवा ना हा हेलकावा, गंधार थोडा उतरवा.

त्यांनी मान हलवली. उतरवला तर हा एक गंधार सुंदर होईल, पण तोच स्वर दुसऱ्या पट्टीत षड्ज आहे, तिसऱ्या पट्टीत पंचम आहे. तिथे सगळं फाटेल. म्हणून प्रत्येक गंधारानं थोडं थोडं चढं राहायचं. या जागेवर सेकंदाला जवळजवळ सात हेलकावे आले पाहिजेत, कमी नाहीत, जास्त नाहीत. ते बोटानं लाकडावर ताल धरून मोजत होते आणि खुंटीवरची चावी केसभर हलवत होते.

चाळीस वर्षं ज्याला मी पेटीचं वैगुण्य समजत आले, ते इथे एक माणूस घाम गाळून, मोजून मापून बसवत होता. बारा स्वरांनी मिळून वाटून घेतलेली ती तूट आहे. कुणा एकालाच पूर्ण सुख मिळू नये आणि कुणाचंच घर मोडू नये, अशी. मी दोन तास तिथून हलले नाही.

दमट हवेचं विचारलं तर म्हणाले, "पावसांत फुगता, गिमांत सुकता." नादफळी लाकडाची, ती फुगली की तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. वर पुन्हा वाळवी आणि तारांना गंज. समुद्राकाठी पियानो सांभाळायचा म्हणजे म्हातारं माणूस सांभाळण्यासारखं आहे, रोज थोडं लक्ष द्यावं लागतं.

संध्याकाळी तीसेक माणसं जमली. वाजवणारी मुलगी पंचविशीची, गोव्याचीच, परदेशी शिकून आलेली. आधी बाखचं छोटं काही, आणि मग मुख्य रचना: शुबर्ट या संगीतकाराचा बी फ्लॅट या पट्टीतला शेवटचा सोनाटा, एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना. सप्टेंबर १८२८ मध्ये तो लिहून झाला आणि १९ नोव्हेंबरला शुबर्ट गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

सुरुवात इतकी साधी की कुणी प्रार्थनेला बसल्यासारखं वाटावं. हळू, पायरीपायरीनं जाणारी चाल. आणि ती ओळ संपता संपता, खूप खाली, अतिमंद्रात, एक कंप. बी फ्लॅटला षड्ज धरला तर तो कोमल धैवत. ऐकू येतो न येतो इतका हळू, लांबवर कुठे तरी गडगडल्यासारखा. मग शांतता. आणि पुन्हा तीच चाल, काही झालंच नाही अशी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याकडच्या बैठकीत इथे कुणाच्या तरी तोंडून "अहाहा" गेलंच असतं. इथे तीस माणसांचे श्वास थांबले होते आणि शिंपल्यांच्या खिडकीपलीकडे रातकिडे.

तो खालचा कोमल धैवत पुढे परत परत येतो. पहिला भागच वीस मिनिटांच्या आसपास चालतो आणि त्या कंपाची वाट बघत ऐकायचं असतं. आपण विलंबितात समेची वाट बघतो तसं नाही हे. सम कधी येणार ते आपल्याला ठाऊक असतं, हा कधी येईल ते ठाऊक नसतं. आणि गंधार? सकाळी मोजलेले सात हेलकावे मी शोधत होते. सापडले नाहीत. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून विरत जातो. तिचं बोट पडे, स्वर उमले, आणि त्यातलं भांडण कानावर येण्याआधी तो मावळायला लागलेला असे. पेटीचा भाता स्वराला धरून ठेवतो, म्हणून त्याची चूकही धरून ठेवतो. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शनिवार

सकाळ पणजीत. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या-पांढऱ्या फरशा बघितल्या, जॉर्ज कोलासोच्या, १९३५च्या. हॉटेलात पातळ भाजी आणि बन खाल्ले. कांपालला कला अकादमीवरून चालत गेले. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती वास्तू नदीला मिठी मारून बसल्यासारखी आहे. आतल्या नाट्यगृहाला नाव मास्टर दीनानाथांचं. गोव्यानं आपल्या गायकांना असं ठळक जागी ठेवलंय, ते बघून बरं वाटतं.

दुपारी जुनं गोवें. टेकडीवरच्या चॅपेलला इथे मोंत म्हणतात. १५१० साली आदिलशाही तोफा याच टेकडीवर होत्या, अशी नोंद आहे. चढ चांगलाच दम काढतो. वर पोचलं की खाली माडांच्या शेंड्यांतून से कॅथेड्रलचा एकच उरलेला बुरूज दिसतो (दुसरा १७७६ साली कोसळला), पलीकडे मांडवी आणि दिवाडी बेट. इथे दर वर्षी मोठा संगीत महोत्सव भरतो. आजचा कार्यक्रम त्यातला नव्हता, लहान होता, साठ-सत्तर खुर्च्यांचा. चॅपेलच्या आत, वेदीपुढे चार खुर्च्या अर्धगोलात.

चेंबर म्युझिक या शब्दातच खोली आहे. खोलीत बसून, एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाजवायचं संगीत. समोर काठी घेऊन कुणी उभा नसतो. पहिला व्हायोलिनवाला नाकानं श्वास घेतो, तो बाकीच्या तिघांना ऐकू येतो आणि चौघांचे गज एकाच क्षणी तारेवर पडतात. मी दुसऱ्या रांगेत होते. तो श्वास मलाही ऐकू आला. आपल्याकडे तबलजी गवयाच्या हाताकडे, मानेकडे बघून समेवर येतो, त्याच जातीचं हे लक्ष.

हायडन या संगीतकाराची ओपस ७६ (ओपस म्हणजे रचनांचा क्रमांक) मधली तिसरी चौकडी होती. तिच्या दुसऱ्या भागात त्यानं आपलंच एक गीत घेतलंय, १२ फेब्रुवारी १७९७ला ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वाढदिवशी पहिल्यांदा गायलं गेलेलं. आज ती चाल जर्मनीच्या राष्ट्रगीताची आहे. माझ्या वहीत ती अशी आहे: सा रे ग रे, म ग रे नि सा. मग ध प म ग रे ग सा प. (पहिल्या ओळीतला नि मंद्रातला.) इतकी सोपी की शाळेतल्या मुलांना एका तासात शिकवता येईल.

आणि मग हायडन काय करतो, तर चालीला हातच लावत नाही. ती आधी पहिल्या व्हायोलिनकडे. मग तीच, जशीच्या तशी, दुसऱ्या व्हायोलिनकडे, आणि पहिला तिच्याभोवती बारीक नक्षी विणतो. तेवढा वेळ फक्त ते दोघं. मग चेलोकडे. मग व्हायोलाकडे. शेवटी परत पहिल्याकडे. आपल्या मनात येतं, बंदिश तीच असली तर विस्तार हवा, बढत हवी. इथे बंदिश एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि बदलतात ते भोवतीचे. घरातला एकच दागिना चार बायकांनी आळीपाळीनं घालावा आणि प्रत्येकीवर तो वेगळा दिसावा, तसं. व्हायोलाची पाळी आली तेव्हा माझे डोळे भरून आले. व्हायोलाचा आवाज जरा घोगरा, घसा बसलेल्या माणसासारखा, आणि एरवी तिला मध्ये भरण्याचंच काम असतं. तिच्या तोंडी ती चाल आली आणि दगडी घुमटाखाली तशीच फिरत राहिली.

त्या भागाच्या अगदी शेवटी चौघं एका स्वरसमूहावर थांबले. हलके, गज न कापता. चेलोनं खाली षड्ज धरलेला. आणि त्याच्यावर गंधार असा काही बसला की मी खुर्चीत ताठ झाले. हेलकावा नाही. थरथर नाही. तो स्वर कुणी वाजवत होतं असं वाटेना, चेलोच्या तारेतूनच उगवला असावा असं वाटलं. सरांच्या खोलीतला तानपुरा. तोच गंधार, गोव्याच्या टेकडीवर, व्हिएन्नाच्या हायडनच्या रचनेत.

मध्यंतरात व्हायोला वाजवणाऱ्या मुलीला गाठलं. तीही सासष्टीची, चर्चच्या शाळेत व्हायोलिनपासून सुरुवात केलेली. मी माझ्या मोडक्या कोंकणीत विचारलं, तो शेवटचा गंधार तू मुद्दाम उतरवलास का? तिचा चेहरा उजळला. म्हणाली, मावशी, हे कुणी विचारत नाही. मग भराभर सांगायला लागली. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट कुठेही ठेवता येतं. म्हणून तालमीत ते आधी चेलोचा खालचा स्वर घेतात, त्यावर पंचम लावतात आणि सगळ्यांत शेवटी गंधार आत सोडतात, तो हलायचा थांबेपर्यंत बोट मागे घेत. पण तोच गंधार चालीत वरच्या दिशेनं जात असेल तर थोडा चढा लागतो. एकच स्वर, बसायचा असेल तेव्हा वेगळा आणि चालायचा असेल तेव्हा वेगळा. मी तिला सांगितलं की आमच्याकडेही रागारागाचा गंधार वेगळा असतो. तिनं विचारलं, लिहिता कसा? म्हटलं, लिहीत नाही, गुरूच्या समोर बसून घेतो. ती म्हणाली, आमचाही हा कागदावर नसतो.

कार्यक्रम संपला तेव्हा आठ वाजून गेले होते. ठरवलेली गाडी आलीच नाही. मोबाइलच्या उजेडात आम्ही सात-आठ अनोळखी माणसं टेकडी उतरलो. कुणीतरी हायडनची चाल शिटीवर घेतली आणि खालच्या रस्त्यापर्यंत ती चालू होती.

रविवार

सकाळी फोंड्याची बस धरून केरीला जाऊन आले. गायिका सूरश्री केसरबाई केरकरांचं गाव. मंगेशी, जिथे दीनानाथ जन्मले, तेही याच तालुक्यात. एका बाजूला चर्चमधले मेस्त, दुसऱ्या बाजूला देवळांच्या आवारात वाढलेलं गाणं, मध्ये फक्त एक जुवारी नदी. केरीत बघण्यासारखं खास काही नव्हतं माझ्यासाठी. नुसती तिथे उभी राहिले.

१९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, "जात कहाँ हो". तिच्यानंतर एक ब्लूज, आणि सगळ्यांत शेवटी बीथोवनच्या ओपस १३० या चौकडीतला कावातीना नावाचा भाग. त्याच तबकडीवर आधी बाखचा सी मेजरमधला प्रिल्यूड आणि फ्यूगही आहे, ग्लेन गूल्डनं पियानोवर वाजवलेला. म्हणजे ठरीव बारा स्वर, चौकडीचे हलते स्वर आणि केसरबाईंचा स्वर, तिन्ही एकाच तबकडीवर सूर्यमालेबाहेर चाललेत. एक यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. केरीच्या रस्त्यावर हे आठवून गळा दाटून आला.

संध्याकाळी पणजीत शुमानचं पियानो क्विंटेट. कालचीच चौकडी आणि एक पियानो. १८४२ची रचना, पत्नी क्लारासाठी. पहिल्या खाजगी वादनाच्या वेळी क्लारा आजारी होती, तेव्हा संगीतकार मेंडेलसननं कागद समोर ठेवून, तयारी न करता पियानो वाजवला होता.

मला एकच बघायचं होतं: कालचा गंधार आज काय करतो. पियानोचा तर हलणार नाही. आणि या रचनेत पियानो जवळजवळ थांबतच नाही. पहिल्या भागात चेलो काहीतरी विचारल्यासारखी ओळ घेतो आणि व्हायोला तिला उलटं वळण देऊन उत्तर देते, ती जागा आली तेव्हा मी डोळे मिटले. व्हायोलाचा गंधार कालच्यापेक्षा चढा होता. अगदी थोडा. पियानोच्या बाजूला सरकलेला. तिनं आपला शुद्ध स्वर सोडून पियानोजवळ जाऊन बसणं पत्करलं होतं, आणि ते इतक्या प्रेमानं की ऐकताना तूट जाणवू नये. दुसरा भाग शोकयात्रेच्या चालीचा, अडखळत चालणारा. शेवटी पहिल्या भागाची चाल आणि शेवटच्या भागाची चाल एकमेकींत गुंफून पाचही जण धावत सुटतात. टाळ्या थांबेनात. मी उभी राहून वाजवल्या.

घरी आल्यावर बहिणीनं माळ्यावरून तिची जुनी पेटी काढली. दहा वर्षं कुणी वाजवली नव्हती. दोन स्वर मुके झालेले. मी हायडनची चाल हळू वाजवली, सा रे ग रे, म ग रे नि सा. तिला ती आवडली. दोनदा ऐकून तिसऱ्यांदा ती आकारात गायला लागली, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, हात पुसत. पहिल्याच ओळीत तिचा गंधार पेटीच्या किंचित खाली लागला. तिला ते कळलंही नाही. मी पेटीवरचं बोट उचललं.